तुम्ही विचारलंत म्हणून: डीपी जळते तेव्हा कोणाला बोलवायचं?

प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात. "तुमच्या ऊर्जा संस्थेत मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, त्यात परत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र, एवढी भरती कशाला? एकच विषय धरून मुळापर्यंत जावं की! आमच्या मुलीला उद्या कोणी विचारलं, तू नक्की कशातली, तर तिनं काय सांगायचं?"

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः मेकॅनिकलची, पंप हा माझा विषय. माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी सहकारी खेड्यातल्या बायकांच्या कामाचे तास मोजते, आणि आम्ही दोघी एकाच प्रकल्पावर आहोत. हे कसं, ते शेतातल्या डीपीपाशी उभं राहिलं की लवकर कळतं.

रब्बीचा हंगाम आहे असं धरा. 63 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला गावात सगळे डीपीच म्हणतात. त्यावर कागदावर आहेत त्यापेक्षा जास्त पंप जोडलेले. वीज येण्याची वेळ झाली की बहुतेक पंप आपोआप सुरू होतात, कारण स्टार्टरच्या पेटीत 'ऑटो' बसवलेला असतो. सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं. कमी व्होल्टेजवर चालणारी मोटर आणखी करंट खाते, तापते, वाइंडिंग जळतं. कधी डीपीच जाते, आणि मग ऐन पाण्याच्या पाळीत आठ-पंधरा दिवस गहू, कांदा वाळत उभा.

आमच्या इलेक्ट्रिकलच्या सरांकडे यावर उत्तर तयार असतं: ऑटो काढा, कपॅसिटर (व्होल्टेज सावरायला मदत करणारं छोटं उपकरण) लावा. बरोबरच आहे, वीज कंपनीही वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहे. तरी लोक का करत नाहीत? आडाणीपणामुळे, असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. मला ते उत्तर कधीच पटलं नाही. शेतीला थ्री फेज वीज मिळते ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला बांधावरून जायचं म्हणजे पायाखाली साप, आणि जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्या. ऑटो असला की माणूस घरी झोपू शकतो. आणि एकट्याने ऑटो काढला तर त्याचं पाणी चुकतं, व्होल्टेज मात्र होतं तेवढंच पडतं. एका शेतकऱ्याने आमच्या विद्यार्थ्यांना एका वाक्यात सांगितलं, "मॅडम, ऑटो काढतो की, पण आधी शेजारच्याचा काढा." कपॅसिटरचंही तसंच आहे. सगळ्यांनी लावला तर गुण येतो, एकाने लावून काही होत नाही. हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही. त्यासाठी विहिरीच्या काठावर बसून, चहा घेऊन, माणसांशी बोलावं लागतं, आणि तसं बोलणं हे शिकून घ्यायचं काम आहे.

मग अर्थशास्त्रवाला विचारतो, बिल कसं लागतं? अनेक ठिकाणी पंपाला मीटरच नाही, आकारणी हॉर्सपॉवरवर. 2024 पासून तर राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. तेव्हा चांगला पंप घेऊन वाचवलेली वीज शेतकऱ्याच्या खिशात काही टाकत नाही. मी पंपाची कार्यक्षमता कितीही वाढवून दाखवली तरी तो दोनदा रिवाइंड केलेली मोटरच चालवणार, आणि त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही तेच केलं असतं. भूजलवाली मैत्रीण बोअरची खोली मोजते आणि सांगते, पाणी खाली गेलंय म्हणून मंजुरी तीन हॉर्सपॉवरची असताना मोटर पाचची बसली आहे, डीपीवरचा भार तिथूनच वाढलाय.

यातलं कोणाचंही उत्तर खोटं नाही. पण कोणा एकाचं उत्तर घेऊन गावात गेलं की काम फसतं. राज्यात 2018 मध्ये एचव्हीडीएस, म्हणजे उच्च दाब वितरण प्रणालीची योजना आली, त्यात एक-दोन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. वरवर पाहता हा निव्वळ अभियांत्रिकीचा उपाय. माझ्या मते त्याचा जीव मालकीत आहे: डीपी आपल्या एकट्याची झाली की शेजाऱ्याच्या ऑटोचा प्रश्नच उरत नाही.

सगळे विषय एकत्र आणून प्रश्नाकडे पाहायचं, हा विचार आमचा नाही, आम्ही तो पुढे नेतो आहोत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 मध्ये अमूल्य रेड्डी यांनी खेड्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरणारा 'अस्त्र' नावाचा गट उभा केला. रेड्डी विद्युत-रसायनशास्त्राचे प्राध्यापक, त्या विषयात नाव मिळवलेले. तो माणूस तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा नावाच्या छोट्या गावात गेला आणि गटाने घरोघर मोजणी केली: सरपण किती, पाणी कोण आणतं, गुरं कोण राखतं, किती तास. गावाच्या ऊर्जेत सगळ्यात मोठा वाटा निघाला सरपणाचा, आणि माणसांच्या श्रमांत निम्म्याहून अधिक वाटा निघाला बायकांचा. ही गोष्ट आज सगळ्यांना माहीत असल्यासारखी वाटते. पण तेव्हा ऊर्जेचा हिशेब म्हणजे कोळसा, तेल आणि मेगावॉट. डोक्यावरची मोळी त्यात कुठेच नव्हती. तिला रकान्यात आणून बसवलं ते एका रसायनशास्त्रज्ञाने, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

पुऱ्याची पुढची गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. तिथे सामुदायिक गोबर गॅस उभारला तो स्वयंपाकासाठी. सगळ्या घरांच्या चुली पेटतील इतका गॅस होईना, आणि प्रकल्प बसला. मग गावाशी पुन्हा बोलणं झालं. गावाला सगळ्यात आधी हवं होतं पिण्याचं स्वच्छ पाणी, आणि घरात दिवा. 1987 मध्ये तोच गॅस डिझेलच्या जोडीने इंजिनात घालून वीज केली, त्या विजेवर कूपनलिकेचं पाणी घरापाशी आलं आणि घरोघर दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला त्याचे थोडे पैसे मिळत आणि गॅस निघून उरलेली मळी शेणाच्या प्रमाणात खत म्हणून परत मिळे. यंत्र तेच, शेण तेच. प्रश्न बदलला, तेव्हा प्रकल्प उभा राहिला.

रेड्डींनी हीच पद्धत पुढे अख्ख्या कर्नाटकाला लावली. आधी किती वीज निर्माण करायची ते न ठरवता, लोकांना कोणती कामं करायची आहेत ते धरायचं, आणि ती कमीत कमी विजेत कशी होतील ते पाहायचं. सन 2000 साठी सरकारी आराखड्याने मागितलेल्या विजेच्या निम्म्याहून कमी विजेत भागेल, असं त्यांचं गणित निघालं. महाराष्ट्रात हा धागा पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटातल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी उचलला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये झाला. त्यावर रस्त्यावर घोषणा झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण करारातलं एकेक कलम आणि विजेचा दर कोणाला कितीला पडणार याचा हिशेब लोकांपुढे मांडण्याचं काम इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र आणि कायदा हे तिन्ही समजणाऱ्या माणसांनीच केलं. दाभोळ 2001 मध्ये बंद पडला तेव्हा तो हिशेब सगळ्यांच्या हातात होता.

पालकांना यातलं एक ठामपणे सांगते: पहिली पदवी एकाच विषयाची घ्या आणि ती घट्ट घ्या. थोडं हे, थोडं ते शिकलेला विद्यार्थी आमच्याकडे अडखळतो. इलेक्ट्रिकलची मुलगी समाजशास्त्राच्या माणसाशी तेव्हाच भांडू शकते, जेव्हा तिला फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, तोंडपाठ असतो. आणि भांडण लागतंच. आमच्या गुरुवारच्या बैठकीत पहिलं सत्र बऱ्याचदा 'मागणी' म्हणजे तुम्ही काय धरता, यावरच खर्च होतं. बाहेरच्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मला ते संस्थेतलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

सध्याचा आमचा वाद सौर फीडरवर आहे. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी इथे सुरुवातीचे प्रकल्प ठरले. उपकेंद्राजवळ सौर पॅनेल लावायची, एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा, आणि त्या फीडरवरच्या सगळ्या पंपांना दिवसा वीज द्यायची. प्रत्येकाला वेगळा सौरपंप द्यायला नको, रात्रीचं बांधावर जाणं संपलं. मी या योजनेच्या बाजूची आहे, मनापासून. समाजशास्त्रवाली सहकारी विचारते, पॅनेल ज्या गायरानावर लागणार तिथे आज कोणाच्या शेळ्या चरतात, आणि भाड्याच्या पैशातला त्यांना किती? भूजलवाली म्हणते, दिवसाची खात्रीची वीज मिळाली, बिल शून्य, तर माणूस गव्हाच्या जागी ऊस लावेल आणि बोअर आणखी खाली जाईल. मी म्हणते, दिवसा वीज मिळाली तर रात्रभर ऑटोवर वाहून जाणारं पाणी वाचेल. तिघींकडे आपापली कारणं आहेत, निकाल कोणाकडेच नाही. म्हणून एकाच तालुक्यातले दोन फीडर निवडले आहेत, एक सौर आणि एक नेहमीचा. पावसाळा संपला की दोन्हीकडच्या विहिरींची पातळी, पेरा, जळालेल्या मोटरी आणि गायरानावरची जनावरं, हे सगळं एकाच वहीत नोंदवायला सुरुवात करणार आहोत. तुमच्या मुलीला चिखलात फिरायची तयारी असेल तर तिला ऑक्टोबरमध्ये पाठवा.