रीजेंट्स नक्की ठरवतात काय? तुम्ही विचारलंत म्हणून

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (थोडक्यात यूसीच्या) एका कॅम्पसवर नोकरी करते म्हटलं की आपल्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो, घरात मुलं कॉलेजच्या वयाची झाली की तर नक्कीच. ही फी ठरवतं तरी कोण, ते रीजेंट्स म्हणतात ते खरंच काही ठरवतात की सगळं आधीच ठरलेलं असतं आणि हे लोक नुसते हात वर करतात, आणि आपण तिथे जाऊन बोललो तर काही फरक पडतो का? फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरच्याचा गैरसमजच वाढतो, म्हणून एकदा बसून सविस्तर लिहितेय.

आधी हे लोक कोण ते सांगते, कारण तिथूनच गोंधळ सुरू होतो. यूसीचे दहा कॅम्पस, त्यांची हॉस्पिटलं, शिवाय बर्कली, लिव्हरमोर, लॉस अलामॉस या राष्ट्रीय प्रयोगशाळांचं काम, या सगळ्याच्या वर एकच बोर्ड आहे, त्याच्या सदस्यांना रीजेंट्स म्हणतात. मत देणारे २६ जण. त्यातले १८ गव्हर्नर नेमतो आणि राज्याची सिनेट त्यांना मान्यता देते, मुदत १२ वर्षांची. सात जण पदामुळे येतात: गव्हर्नर स्वतः, लेफ्टनंट गव्हर्नर, असेंब्लीचा स्पीकर, राज्याचा शिक्षणप्रमुख, माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांचे दोन प्रतिनिधी आणि यूसीचा प्रेसिडेंट, म्हणजे सगळ्या विद्यापीठाचा प्रमुख. आणि एक विद्यार्थी, ज्याला एक वर्षासाठी पूर्ण मताचा हक्क असतो. प्राध्यापकांचे दोन प्रतिनिधी टेबलावर बसतात, बोलतात, पण त्यांना मत नाही. पगार कुणालाच नाही, फक्त खर्च मिळतो.

१२ वर्षं ऐकून लोक दचकतात. एवढी वर्षं? आधी तर १६ होती, १९७४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली तेव्हा १२ झाली आणि त्याच दुरुस्तीने विद्यार्थ्याला बोर्डावर बसायची वाट मोकळी झाली. मला स्वतःला ही लांब मुदत पटते. गव्हर्नर चार वर्षांसाठी येतो, फार तर आठ, त्याला पहिल्या दिवशी आख्खं बोर्ड बदलता येऊ नये हाच त्यामागचा हेतू आहे. तरी धक्का बसायचा तेव्हा बसलाच, रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाल्यावर बोर्डाच्या पहिल्याच बैठकीत, जानेवारी १९६७ मध्ये, यूसीचे प्रेसिडेंट क्लार्क कर यांना १४ विरुद्ध ८ मतांनी काढून टाकलं गेलं. म्हणजे मुदत कितीही लांब ठेवा, बाहेरचं राजकारण आत येतंच. पण ती छोटी असती तर ते दर निवडणुकीला आलं असतं.

अजून एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. यूसीचा कारभार राज्याच्या साध्या कायद्यावर चालत नाही, तो थेट राज्यघटनेत लिहिलाय. १८७९ च्या राज्यघटनेपासून. विद्यापीठ चालवायचे पूर्ण अधिकार रीजेंट्सना आहेत आणि विधिमंडळाला त्यात हात घालायची जागा थोडीच आहे, पैशाची सुरक्षितता वगैरे. म्हणून तुम्ही राज्याच्या राजधानीतली, सॅक्रामेंटोतली विधेयकं वाचलीत तर एक मजेशीर गोष्ट दिसेल, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला (हे राज्याचं दुसरं, वेगळं विद्यापीठ) विधिमंडळ सरळ आदेश देतं, आणि त्याच वाक्यात यूसीच्या रीजेंट्सना विनंती करतं. अर्थात विनंती करणाऱ्याच्या हातात बजेट असतं, त्यामुळे ती विनंती किती गंभीरपणे घ्यायची हे रीजेंट्सना बरोबर कळतं.

आता मूळ प्रश्न. सगळं आधीच ठरलेलं असतं का? माझं उत्तर असं आहे की हो, मतदानाच्या क्षणी बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, पण ते ठरलेलं असतं कागदात, आणि तो कागद बैठकीच्या निदान दहा दिवस आधी कुणालाही वाचायला मिळतो. माझा सगळा जीव या दहा दिवसांत अडकलाय. लोक बैठकीच्या दिवशी चिडतात, आणि चिडायचा खरा वेळ हातातून गेलेला असतो.

बैठका वर्षातून साधारण सहा वेळा होतात, एक महिना आड, एकेका वेळी दोन-तीन दिवस. सगळं बोर्ड सगळ्या विषयांवर बसत नाही, काम समित्यांमध्ये होतं. शैक्षणिक आणि विद्यार्थ्यांची एक, पैसा आणि बांधकामांची एक, ऑडिटची, हॉस्पिटलांची, गुंतवणुकीची, प्रयोगशाळांची. प्रत्येक विषयाला एक अक्षर आणि नंबर असतो, म्हणजे एफ म्हटलं की पैसा आणि बांधकाम, ए म्हटलं की शैक्षणिक, बी म्हटलं की पूर्ण बोर्ड. आणि नंबरापुढे एक्स दिसला की समजायचं दार बंद. कागद उघडलात की पहिल्या पानावर एक वाक्य असतं, ते पहिल्यांदा वाचताना डोकं गरगरतं: प्रेसिडेंट अशी शिफारस करतात की समितीने बोर्डाकडे अशी शिफारस करावी की... आणि मग खाली एक-दोन-तीन करत खरा ठराव. ही शिफारशीची शिफारस वाचून कंटाळून कागद मिटू नका. त्या ओळीत सगळा प्रवास लिहिलेला असतो: विषय प्रेसिडेंटच्या ऑफिसातून आला, आता समितीत जाणार, मग बोर्डात. समितीत तो एकदा पास झाला की बोर्डात बरेचदा बाकीच्या विषयांबरोबर एकाच झटक्यात मंजूर होतो, चर्चा नाही, काही नाही, एक ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, रोल कॉल म्हणजे नावं पुकारून मतं, झालं. हे बघून लोक म्हणतात बघा, शिक्का मारला. अहो, चर्चा आदल्या दिवशी समितीत झाली, तेव्हा आपण बघितलं नाही.

आणि त्याच्याही आधी प्रेसिडेंटच्या ऑफिसात, कॅम्पसवर, प्राध्यापकांच्या ॲकॅडेमिक सिनेटमध्ये महिनोन्‌महिने घासाघीस झालेली असते. या सिनेटचं वजन साधं नाही. १९२० मध्ये बर्कलीतल्या प्राध्यापकांच्या बंडानंतर रीजेंट्सनी अभ्यासक्रम, पदव्या आणि प्रवेशाच्या अटी यांचा अधिकार त्यांच्याकडे सोपवला, तो आजही आहे. पण सोपवलेला अधिकार रीजेंट्स परत उचलूही शकतात. प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेचं तसंच झालं, सिनेटने अभ्यास करून सांगितलं होतं की परीक्षा तूर्त राहू द्या, आणि मे २०२० मध्ये बोर्डाने एकमताने ती टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. तेव्हा कुठल्या घरात आनंद झाला, कुठल्या घरात संताप, ते तुम्हाला मी सांगायला नको.

अधिकार सोपवणं आणि परत घेणं हा खेळ नीट बघायचा असेल तर यूसीएलएची, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसची, बिग टेनची गोष्ट बघा. जून २०२२ मध्ये यूसीएलएने जाहीर केलं की आमच्या टीम्स पॅक-ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये चालल्या (हे दोन्ही कॉलेजांच्या खेळांचे संघ-गट). असे खेळांचे करार करायचा अधिकार १९९१ पासून कॅम्पसच्या प्रमुखाकडे, चॅन्सलरकडे होता, त्यामुळे त्यांनी केलं ते नियमातच होतं. पण यूसीचाच बर्कली कॅम्पस पॅक-ट्वेल्व्हमध्ये मागे राहिला, त्याचा पैसा बुडणार हे उघड दिसत होतं, गव्हर्नर चिडले, आणि रीजेंट्सनी वकिलांना विचारलं की आम्ही यात पडू शकतो का. उत्तर आलं की अधिकार तुमचाच आहे, तुम्ही तो फक्त सोपवलाय. शेवटी डिसेंबरमध्ये खास बैठक घेऊन ११ विरुद्ध ५ मतांनी जायला परवानगी दिली, पण अट घातली की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला २० लाख ते १ कोटी डॉलर द्यावेत. नुसता हात वर करणारं बोर्ड असतं तर ही अट आली नसती.

बंद दाराबद्दल सगळे संशयाने विचारतात. सार्वजनिक बैठकांचा राज्याचा कायदा यूसीलाही लागू आहे आणि बंद सत्र कशासाठी घेता येतं ते ठरलेलं आहे: कोर्टातले खटले, माणसांच्या नेमणुका, जागेच्या खरेदी-विक्रीची बोलणी वगैरे. आत काय चाललं ते आपल्याला दिसत नाही, पण विषयाचं नाव जाहीर करावं लागतं. मोठ्या अधिकाऱ्यांच्या पगाराचं मतदान मात्र उघड सत्रातच घ्यावं लागतं, आणि हे मला अगदी योग्य वाटतं, कारण फी भरणाऱ्या माणसाला तेवढं तरी डोळ्यांनी बघता आलं पाहिजे.

आता फी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना २००९ आठवत असेल, नोव्हेंबरमध्ये यूसीएलएला बैठक होती, ३२ टक्के वाढ, बाहेर विद्यार्थ्यांचा प्रचंड जमाव, पोलीस, अटका, आणि आत ठराव मंजूर. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बोलून काही होत नाही. मी मुद्दाम पुढच्या दोन गोष्टी सांगते. नोव्हेंबर २०१४ मध्ये पाच वर्षं दरवर्षी पाच टक्क्यांपर्यंत वाढवायचा ठराव १४ विरुद्ध ७ ने पास झाला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी स्वतः येऊन विरोधात मत दिलं आणि ते हरले. मग ब्राउन आणि प्रेसिडेंट जॅनेट नॅपोलिटानो दोघंच बसले, महिनोन्‌महिने बोलणी झाली, आणि २०१५ च्या मे महिन्यात राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी आणखी दोन वर्षं गोठली. दुसरी गोष्ट जानेवारी २०१८ ची. वाढीचा विषय अजेंड्यावर होता, मतदान पुढे ढकललं गेलं, मधल्या महिन्यांत विद्यार्थी सॅक्रामेंटोला जाऊन आमदारांच्या मागे लागले की राज्याने पैसे वाढवून द्यावेत, आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. ज्यांनी हे केलं त्यांना कळलं होतं की बोर्डासमोर ओरडण्याइतकंच, कदाचित त्याहून जास्त, बजेटवाल्यांच्या दारात उभं राहायला हवं.

सध्याची पद्धत जुलै २०२१ मध्ये १७ विरुद्ध ५ मतांनी ठरली. मूल ज्या वर्षी आत येतं त्या वर्षीची फी त्याला सहा वर्षांपर्यंत तीच राहते, वाढते ती पुढच्या बॅचला, महागाईच्या हिशेबाने आणि वर पाच टक्क्यांचं झाकण. आईबाबांना आकडा आधी कळतो ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू मला अशी दिसते की जे विद्यार्थी आत आहेत त्यांची फी वाढतच नाही, त्यामुळे ते भांडायला येत नाहीत, आणि ज्यांची वाढणार ती मुलं अजून हायस्कूलात आहेत, त्यांना या बैठकीचा पत्ताही नाही. त्यांच्यासाठी कोण बोलणार? म्हणून मी प्रत्येक आईबाबांना सांगत असते की मूल नववीत असतानाच हे अजेंडे चाळायला लागा.

आणि जाऊन बोलायचंच असेल तर जरूर जा, कारण पब्लिक कमेंट, म्हणजे बैठकीत सामान्य माणसाने बोलणं, हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पण तो प्रकार कसा असतो ते आधीच माहीत असू द्या. नाव आधी नोंदवायचं असतं. सकाळी क्लार्क एकामागून एक नावं पुकारते, तीन-तीन नावं एकदम, म्हणजे पुढच्याने रांगेत येऊन उभं राहायचं. बोलणारे जास्त असले की एकेकाला एखादं मिनिटच मिळतं. समोर घड्याळ उलटं पळत असतं, वेळ संपला की माइक बंद, वाक्य अर्धवट राहिलं तरी. रीजेंट्स उत्तर देत नाहीत, फक्त ऐकतात. हे मिनिट फार अपुरं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चार तास गाडी चालवून आलेल्या बाईला साठ सेकंद देणं बरोबर नाही, आणि हे बदलावं म्हणून मी लेखी कळवलंही आहे. १९९५ च्या जुलैत वंशाच्या आधारावरचे प्रवेश बंद करायचा ठराव आला तेव्हा दिवसभर लोक बोलत होते, नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन बोलले, रात्री मतदान झालं, १४ विरुद्ध १०. निकाल मला मान्य नाही, २००१ मध्ये बोर्डाने स्वतःच तो ठराव मागेही घेतला, पण त्या दिवशी निदान ऐकून घ्यायला वेळ काढला होता.

विद्यार्थी रीजेंट हे नाव लक्षात ठेवा. मत देणारा एकच विद्यार्थी असतो, शिवाय पुढच्या वर्षी बसणारा आधीच नेमलेला असतो, तो मत देत नाही पण चर्चेत बोलतो. ही मुलं कॅम्पसवर फिरतात, ईमेलला उत्तरं देतात, आणि तुमचा मुद्दा समितीत प्रश्न म्हणून विचारू शकतात, जे तुम्हाला त्या एका मिनिटात जमणार नाही.

तेव्हा तयारी अशी करा. अजेंडा आला की तुमचा विषय शोधा, त्याचं अक्षर आणि नंबर लिहून घ्या, ठरावाच्या खालची पार्श्वभूमी वाचा, कारण खरे आकडे तिथे असतात, आणि समितीची बैठक कुठल्या दिवशी आहे ते बघून त्याच दिवशीच्या कमेंटला नाव द्या, बोर्डाच्या दिवशी नको. माइकसमोर पहिल्या वाक्यात विषयाचा नंबर, दुसऱ्यात तुम्हाला नक्की काय हवंय, हो की नाही की पुढे ढकला, आणि मग वेळ उरला तर घरची गोष्ट. बाकी सगळं, हिशेब, आकडे, तक्ते, लेखी पाठवून द्या, बैठकीच्या आधी, म्हणजे ते सदस्यांपर्यंत वेळेत पोचेल.