नागपूरहून ओशकोशला: जुन्या विमानांच्या गावात

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ओशकोशला तेव्हा ऐन उन्हाळा असतो आणि हौशी वैमानिक आपापली विमानं घेऊन तिथे उतरतात. ईएए या हौशी वैमानिकांच्या संस्थेचा हा एअरव्हेंचर मेळावा १९७० पासून याच विमानतळावर भरतो. यंदा तो डोळे भरून पाहून आलो.

तुम्ही गेलात, तर आधी जेट विमानांकडे धावू नका. सकाळी ऊन चढायच्या आत विंटेज विभागातल्या गवतात जा. तिथे विमानं दोरीने बांधलेली असतात, पंखाखाली तंबू, तंबूपुढे खुर्ची टाकून बसलेला मालक. त्याच्याशी बोला. एक पिवळी पायपर कब मी बराच वेळ न्याहाळत होतो. ६५ अश्वशक्तीचं इंजिन, सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. पेट्रोल किती उरलंय ते पाहायला घड्याळाचा काटा नाही. समोरच्या काचेपुढे टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते, तिच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल संपत जाईल तशी तार खाली जाते. मालक आजोबांनी ती बोटाने दाबून सोडली, तर टुणकन वर आली. एवढं साधं आणि एवढं चोख! मात्र परवानगीशिवाय कुठल्याही विमानाला हात लावू नका, पंख्याला तर नाहीच.

विमानं उतरताना पाहणं हा वेगळाच सोहळा. रिपन गावापासून ओशकोशजवळच्या फिस्क गावापर्यंत रेल्वेरुळांच्या वरून, ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) वेगाने, १,८०० फुटांवर एकामागे एक रांग लागते. फिस्कला कंट्रोलर विमानाचा रंग पाहूनच हाक मारतो आणि वैमानिकाने रेडिओवर बोलायचं नाही, फक्त पंख हलवायचे. धावपट्टीवर रंगीत ठिपके असतात. एकाला हिरव्यावर उतरवतात, तर मागच्याला दुसऱ्या रंगावर. शिस्त बघून ऊर भरून येतो.

एका डकोटाच्या (जुन्या दोन इंजिनी डीसी-३ विमानाच्या) मालकिणीला मी आपल्या सोनेगावची, म्हणजे नागपूरच्या विमानतळाची गोष्ट सांगितली. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. त्यात डकोटाही होत्या. बाई ऐकतच राहिल्या, मग म्हणाल्या, आत या. नागपूरकरांनी ही गोष्ट तिथे जरूर सांगावी, आपल्या गावाचा तो मान आहे.

आता जायचं कसं. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून शिकागो. पुढे गाडीने साधारण तीन तास. ॲपलटनचा विमानतळ ओशकोशपासून अर्ध्या तासावर आहे, पण तिकीट महाग पडू शकतं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आदल्या वर्षीच अर्ज करा. हॉटेलं फार आधी भरतात. विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली किंवा मेळाव्याच्याच कॅम्प शोलर या तळावरचा तंबू परवडतो. तंबूच्या खुंट्या मजबूत घ्या, कारण तिथे संध्याकाळी वादळी पाऊस कोसळतो. आपल्या मे महिन्यापुढे तिथलं ऊन काहीच नाही, पण सावली नसते. टोपी हवीच, आणि रात्रीसाठी स्वेटर. चालणं खूप होतं, नवे बूट घालून जाऊ नका. हवाई कसरती रोज दुपारी असतात, बुधवारी आणि शनिवारी रात्रीही. शाकाहारी असाल तर पॅकबंद चिवडा, थेपले बरोबर घ्या आणि कस्टमला ते आपणहून सांगा.

आपल्याकडचं लायसन्स असलेल्यांना त्याच्या आधारे अमेरिकेचं खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. पण पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा तीन महिने आधी कागद पाठवा. ते हातात आलं तरी पहिल्या वर्षी फिस्कच्या रांगेत स्वतः विमान घालू नका. तिथल्या सरावलेल्या वैमानिकाशेजारी बसून या, आणि त्या वर्षीची नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) आधीच घरी बसून नीट वाचून ठेवा.