आबांना घेऊन चेल्सीची मॅच बघायला गेलो त्याची गोष्ट (माझा अनुभव)

२०१५ च्या जुलैत आबा आमच्याकडे अमेरिकेत जर्सी सिटीला आले होते, सहा महिन्यांचा स्टॅम्प मिळालेला आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळलेले. आबा म्हणजे पक्के कोल्हापूरच्या पेठेतले, तरुणपणी तालमीकडून फुटबॉल खेळलेले (आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ असतात), आणि आजही शाहू स्टेडियमला केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगची मॅच असली की दुपारची झोप सोडून जाणारे. इथे टीव्हीवर बेसबॉल बघून म्हणाले, हे सगळे उभेच हायत की रं. मग मी म्हटलं थांबा, चेल्सी येतेय.

चेल्सी म्हणजे लंडनचा फुटबॉल क्लब, तेव्हा नुकतीच इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेली, कोच मोरिन्यो, आणि २२ जुलैला बुधवारी इथल्या न्यूयॉर्क रेड बुल्स क्लबशी फ्रेंडली (सीझनआधीची सरावाची मॅच), तीही आमच्यापासून अगदी जवळ हॅरिसनला. म्हटलं तिकीट काढायला काय लागतंय. इथेच चुकलो. क्लबचे सीझन तिकीटवाले आधी, मग इतर, आणि मी जागा झालो तोवर चांगल्या सीट्स गेलेल्या. राहिलं रीसेल, म्हणजे आधी घेतलेल्यांनी परत विकायला काढलेली तिकिटं. तिथे भाव बघून बायको म्हणाली एवढ्यात आबांना नायगारा दाखवून होईल (नायगारा नंतर केलाच, आबा तिथे दहा मिनिटांत गाडीकडे निघाले होते).

एका ऑफिसवाल्या मित्राने सांगितलं की घाई करू नकोस, फ्रेंडली आहे, ज्यांनी धंद्यासाठी तिकिटं घेऊन ठेवलीत ते मॅचच्या दिवशी भाव पाडतात. तर बुधवारी सकाळपासून मी ऑफिसात एका खिडकीत एक्सेल आणि दुसरीत तिकिटं असं करत बसलो आणि दुपारी खरंच भाव खाली आला. घाईघाईत दोन घेतली. शेवटच्या पानावर सर्व्हिस फी, प्रोसेसिंग फी वगैरे मिळून आकडा परत जिथे होता तिथेच. आणि प्रिंट काढल्यावर दिसलं की दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या रांगेतली आहेत. चूक माझीच, दोन वेळा एक-एक घेतलं होतं. कुणी घेणार असेल तर रांग आणि सीट नंबर आधी बघा, भाव मागाहून.

जाणं मात्र सोपं. जर्नल स्क्वेअरवरून नेवार्ककडे जाणारी पाथ ट्रेन, पुढचंच स्टेशन हॅरिसन, भाडं तेव्हा पावणेतीन डॉलर. डब्यात निळे जर्सीवाले एवढे की आबा म्हणाले हितं कुणाचं घरचं मैदान हाय नक्की? प्रश्न बरोबर होता, लाल जर्सीएवढेच निळे असतील. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत स्टेडियम, पंचवीस हजारांचं, फक्त फुटबॉलसाठी बांधलेलं, त्यामुळे मागच्या सीटवरूनही खेळाडू मुंगीएवढे दिसत नाहीत.

गेटवर दुसरी फजिती. आबांच्या पिशवीत स्टीलची पाण्याची बाटली आणि कोल्हापूरहून आणलेलं भडंग. नियम मी वाचलेच नव्हते, बाहेरचं खायचं आत चालत नाही. भडंग टाकून द्यायला आबा तयार नाहीत, मग आम्ही रांगेतून बाहेर येऊन फुटपाथवर उभं राहून अख्खं पाकीट संपवलं, शेजारच्या एका चेल्सीवाल्या पोरालाही मूठभर दिलं आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. बाटली कुंपणापाशी ठेवली, येताना अर्थातच नव्हती.

आत गेल्यावर आबांच्या शेजारच्या स्पॅनिश बोलणाऱ्या काकांना खाणाखुणा करून विनवलं, ते हसत माझ्या सीटवर गेले. एवढं सगळं करून मॅच सुरू झाली तर रेड बुल्सने सगळी पोरं उतरवलेली, नेहमीचे मोठे खेळाडू जवळजवळ नाहीतच. मी वैतागलो. नंतर कळलं की इथली लीग तेव्हा मार्चपासून शरद ऋतूपर्यंत चालायची, म्हणजे जुलैत यांचा सीझन भर मध्यात आणि इंग्लंडवाल्यांचा अजून सुरूच व्हायचाय. यांना शनिवार-रविवारची खरी मॅच सांभाळायची, त्यांना पोटं कमी करायची. तिकिटाच्या पैशात तुम्ही दोघांचंही हे ॲडजस्टमेंट विकत घेता.

पहिल्या हाफमध्ये लोईक रेमीने गोल केला, १-०. आबा गप्प. मग म्हणाले, 'ही मॅच न्हवं, ह्यो सराव हाय. कुणी कुणाच्या पायात पाय घालंना.' आमच्याकडे पेठेतल्या दोन तालमी भिडल्या तर पोलीस बंदोबस्त लागतो, त्या माणसाला हे अळणीच लागणार. मी मनात फीचे डॉलर मोजत होतो.

हाफ टाइमनंतर मात्र वेगळंच. बदली खेळाडूंचा हिशोबच नाही, चेल्सीचा अर्धा संघ बदलला, आणि इकडची पोरं जी पळायला लागली ती थांबेचनात. कॅस्टेलानोसचा गोल, १-१. आबा सरसावून बसले. म्हणाले बघ की, ती निळी फिरायला आल्यात, ही पोरं नोकरी मागायला आल्यात. आणि मग एका किडकिडीत पोराने डोक्याने गोल केला, २-१. स्क्रीनवर नाव आलं टायलर ॲडम्स, वय १६. सोळा! शॉन डेव्हिसने आणखी दोन मारले, मध्ये हॅझार्डने चेल्सीसाठी एक परत केला, आणि शेवट ४-२. इंग्लंडचा चॅम्पियन संघ, आणि हरवलं कुणी तर राखीव पोरांनी. आबा उभे राहून शिट्टी मारत होते, ती दोन बोटांची पेठेतली, पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या.

परत येताना जुन्या हॅरिसन स्टेशनच्या जिन्यावर एवढी गर्दी की तासभर गेला. चेल्सीवाले एकमेकांना समजावत होते की फ्रेंडली आहे, काही अर्थ नसतो. त्या दौऱ्यात पुढे पॅरिसचा पीएसजी आणि स्पेनचा बार्सिलोना या क्लबांशी त्यांनी बरोबरी केली आणि दोन्ही वेळा पेनल्टीवर जिंकले, त्यामुळे मलाही तसंच वाटलं. पण डिसेंबरात मोरिन्योची नोकरी गेली आणि सीझनअखेर संघ लीगमध्ये दहावा आला. आबांनी तेव्हा फोनवर 'मी बोललो न्हवतो?' म्हटलं, वास्तविक ते असलं काही बोललेच नव्हते.

नंतरही मी एक-दोन फ्रेंडली बघितल्या. तिकीट मॅचच्या दिवशीच, दोन्ही एकत्र, रिकाम्या हाताने. सोय झाली, शिट्टी मारावी असं काही झालं नाही.

२५ नोव्हेंबर २०२२, कतारचा वर्ल्ड कप, अमेरिका विरुद्ध इंग्लंड, इथे थँक्सगिव्हिंगनंतरची सुट्टी म्हणून मी दुपारी सोफ्यावर, तिकडे कोल्हापुरात रात्रीचा एक वाजत आलेला आणि आबांचा व्हिडिओ कॉल. अमेरिकेच्या कॅप्टनकडे बोट दाखवत होते, फोन हलत होता, फक्त पंखा आणि टीव्हीचा कोपरा दिसत होता.

'लगा, ह्यो त्योच न्हवं?'

तोच होता, टायलर ॲडम्स. मॅच ०-० सुटली. आबा म्हणाले भडंग पाठवलंय, आठवड्याभरात मिळेल.