स्टुटगार्टच्या नोकऱ्या नेमक्या कोण खातंय?

लातूरच्या चुलत भावाच्या मुलाने मला दोन बातम्या पाठवल्या. एकीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी बॉश ही जर्मन कंपनी आणखी 13,000 पदं कमी करणार, आणि त्यातली बरीचशी आमच्या स्टुटगार्टच्या आसपासची. दुसरी 2024 च्या फेब्रुवारीतली जुनी बातमी: महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गचा (स्टुटगार्ट ज्या जर्मन राज्यात आहे, त्याचा) करार, 10,000 कुशल तरुण जर्मनीला पाठवायचे. खाली प्रश्न होता, "आत्या, यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरं आहे. पण हाच प्रश्न त्याच आठवड्यात मला आमच्या इमारतीच्या जिन्यातही ऐकावा लागला आणि तो जिव्हारी लागला, म्हणून सविस्तर लिहितेय. शेजारच्या आजोबांचं सगळं आयुष्य गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेलं. त्यांच्या मुलाला तशाच एका कारखान्याने घरी बसवलं. ते म्हणाले, "माझ्या पोराला काम नाही आणि तुमच्याकडून दहा हजार येणार म्हणे." आवाज चढलेला नव्हता. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

त्यांच्या मुलाचं काम कोणी भारतीयाने इथे येऊन घेतलेलं नाही. डिझेल इंजिनाचे भाग आता कमी लागतात. जे लागतात त्यातलं बरंच काम हंगेरीत गेलं, काही आपल्या चाकण-नाशिककडेही. कामगार इकडे आला नसता तरी काम तिकडे गेलंच असतं. मी ज्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात पगारपत्रकं करते तिथलं उलटं आहे. ब्याण्णव वर्षांच्या आजींना सकाळी अंघोळ घालायचं काम चाकणला पाठवता येत नाही. सरकारी आकडे सांगतात की 2022 पासून जर्मनीत रुग्णसेवेतल्या नोकरदारांची संख्या वाढली ती केवळ परदेशी माणसांमुळे; जर्मन नागरिकांची संख्या उलट घटतेय. एक मोठी पिढी निवृत्त होतेय. इथल्या श्रमबाजाराच्या संशोधन संस्थेचा हिशेब असा की कामकऱ्यांची संख्या आहे तेवढी राखायची तर दरवर्षी जाणाऱ्यांपेक्षा 4 लाख माणसं जास्त यायला हवीत. आजोबांचा मुलगा उद्या आमच्याकडे कामाला आला तर आमच्या मॅनेजरबाई त्याला दारातच करारपत्र देतील. पण बावन्नाव्या वर्षी लेथवरचा माणूस रात्रपाळीत डायपर बदलायला येत नाही, आणि त्यासाठी मी त्याला नावं ठेवणार नाही.

मग पगाराचं काय? परके आले की मजुरी पडते, असं सगळेच म्हणतात. इथे मला या देशाच्या एका नियमाचं मनापासून कौतुक करायचंय. युरोपबाहेरचा माणूस नोकरीवर आणायचा असेल तर मालकाला बहुतेक वेळा एक फॉर्म भरावा लागतो. काम कोणतं, आठवड्याचे तास किती, सुट्ट्या किती, पगार किती. सरकारी रोजगार कार्यालय तो तपासतं आणि मुख्य म्हणजे हे बघतं: त्याच कामासाठी त्याच भागातल्या स्थानिक माणसाला जे मिळतं, त्यापेक्षा याला कमी तर देत नाही ना? कमी असेल तर परवानगी नाही. माझ्या आधीच्या नोकरीत, एका भारतीय रेस्टॉरंटच्या हिशेबखात्यात, मी असा फॉर्म परत आलेला पाहिला. मालकाला आपल्याकडचा तंदूरचा आचारी हवा होता. पगाराच्या रकान्यातला आकडा कार्यालयाने नाकारला. मालक दोन दिवस चिडचिड करत फिरले, मग आकडा वाढवला. आचारी आला, आणि त्याच्यामुळे आधीपासून काम करणाऱ्या श्रीलंकेच्या माणसालाही पगार वाढवून द्यावा लागला. बाहेरचा माणूस आला आणि आतल्याचा पगार वाढला, हे मी माझ्या हाताने पगारपत्रकात लिहिलंय.

पण हे कौतुक कागदापुरतं ठेवून चालणार नाही. त्या आचाऱ्याचे कागदावर चाळीस तास होते. शनिवार-रविवारचे जादा तास कुठेच नव्हते. तो बोलला नाही, कारण मालक बदलायचा तर परवानगी नव्याने काढावी लागते. आणि लुबाडणारा जर्मन नव्हता, आपलाच होता. इथल्या मराठी-हिंदी मंडळींत हे बोलून दाखवलं की लोक विषय बदलतात.

आमच्या वृद्धाश्रमात मिरजेची एक सिस्टर आहे. आयसीयूचा दांडगा अनुभव. इथे पदवीला मान्यता मिळेपर्यंत ती कागदोपत्री मदतनीस. जुलै 2025 पासून रुग्णसेवेतलं किमान वेतन मदतनिसाला ताशी 16.10 युरो आणि पात्र परिचारिकेला 20.50 युरो झालं. ताशी 4.40 चा फरक, पूर्ण महिन्याचा धरला तर सातशे युरोंच्या वर. एखाद्या आजोबांचा श्वास अडकला की सगळे तिलाच हाक मारतात. मान्यतेच्या कार्यालयाने आधी अभ्यासक्रमाचे तास मागितले, मग त्या तासांचं भाषांतर, मग भाषांतरावर दुसरा शिक्का. महिने जातात. या काळात परिचारिकेची मजुरी खरोखर दबते. ती मिरजेहून आल्यामुळे दबत नाही. परिचारिकेचं काम मदतनिसाच्या दरात करून घेता येतं, म्हणून दबते. शेजारच्या आजोबांना मी हेच सांगितलं: बाहेरून आलेल्याचे हात बांधलेले असले की तुमच्या पोराचा पगारही खाली खेचला जातो. म्हणून त्याचे हात मोकळे व्हावेत यात तुमचाही फायदा आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, माहीत नाही.

त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवणार नाही. 1991 मध्ये बव्हेरिया या जर्मन राज्याच्या सीमेवरच्या भागात पलीकडच्या चेक कामगारांना काम करायची मुभा मिळाली, पण राहायची नाही. रोज घरी परत जायचं. त्या प्रसंगाचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. स्थानिकांचे पगार थोडे उतरले आणि त्यांचा रोजगार त्याहून जास्त घटला. होते त्यांना फारसं काढलं नाही, नवीन स्थानिक घेणं कमी केलं. मला त्यातली रोज परत जायची अट महत्त्वाची वाटते. तो माणूस इथे घरभाडं देत नव्हता, भाजी घेत नव्हता, न्हाव्याकडे जात नव्हता. कमाई इथली, खर्च पलीकडचा. आम्ही इथे राहतो, खर्च करतो, कर आणि पेन्शनचा हप्ता भरतो.

1955 ते 1973 या काळात जर्मनीने इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून कामगार आणले. सुमारे 1 कोटी 40 लाख आले, 1 कोटी 10 लाख परतले. स्टुटगार्टचे कारखाने त्यांनीच चालवले. "पाहुणे" म्हणून आणलं, त्यामुळे भाषा शिकवायची कोणाला गरज वाटली नाही. त्याची किंमत दोन्ही बाजूंनी पुढे बरीच वर्षं मोजली.

आता तुमच्यातले काही म्हणतील, मुंबईत परप्रांतीयांवर बोलणारे तुम्ही, तिकडे कोण आहात? हे मला घरच्यांनीही ऐकवलंय. मी इथे परप्रांतीयच आहे, मान्य. पण मला इथे कायम राहायचं तर बी-वन पातळीचं, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याइतकं जर्मन यावं लागलं, आणि कोणी त्याला संकुचितपणा म्हटलं नाही. मुंबईत मराठीची अपेक्षा ठेवली तर तीही तेवढीच साधी आहे. मारहाण मात्र मला कधीच पटली नाही. राग धरायचा तर ठेकेदारावर धरावा. ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या कामगाराला त्याच कामाचा स्थानिकाइतकाच दर द्यायचा, हे आपल्या 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. तत्त्व इथल्या फॉर्मसारखंच. आपल्याकडे ते तपासायला नाक्यावर आलेला अधिकारी मी तरी पाहिला नाही.

लातूरच्या पोराला मी कळवलंय की ये. इलेक्ट्रिशियन आहेस, काम मिळेल. पण एजंटला लाखभर रुपये देऊन येऊ नकोस, आणि सही करण्याआधी करार मला पाठव. मान्यता मिळेपर्यंतचा पगार किती आणि मिळाल्यावर कोणत्या तारखेपासून किती, हे दोन्ही आकडे त्यात हवेत. मिरजेच्या सिस्टरच्या करारात दुसरा आकडा आहे, तारीख नाही.