नऊशे ग्रॅमचा हिशेब

२४ ऑगस्ट २०२५, रविवार. फोर्ट कॉलिन्स, कॉलराडो

एल्कच्या शिकारीसाठी रायफल बदलायची की नाही, हा प्रश्न गेला हिवाळाभर मनात घोळत होता. आज विमानप्रवासाच्या बॅगा तोलण्यासाठी घेतलेल्या लटकत्या काट्याला जुनी रायफल अडकवली, तेव्हा दुर्बीण, तिची पोलादी कडी आणि चामडी पट्टा यांसह तिचे वजन ४.३ किलो भरले. रेमिंग्टन ७०० हे १९६२ सालापासून चालत आलेले मॉडेल, माझी .३०-०६ काडतुसाची, अक्रोडाच्या दस्त्याची आहे आणि नुसती तोलली तर ३.४ किलो भरते. उरलेले जवळजवळ एक किलो मीच हौसेने तिच्यावर चढवलेले आहे, त्यामुळे प्रथम ते उतरवावे की थेट रायफलच बदलावी, असा दुहेरी विचार करणे भाग होते.

वजनाची एवढी चिकित्सा फाजील लाडांची वाटू शकते. एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी. तीनशे किलोचा नर साधला, तर त्याचे ऐंशी-नव्वद किलो मांस खेपा करून पाठीवरून खाली आणावे लागते, कारण खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा इथे गुन्हा आहे. अशा हिशेबात नऊशे ग्रॅम ते काय, आणि तेवढे पोटावरून उतरवले तर फुकटात उतरतील, असे माझे शेजारी म्हणतात. ते सत्तरीचे आहेत, वायोमिंगमध्ये वाढलेले आहेत आणि त्यांचे बोलणे सहसा खोडता येत नाही. पण या बाबतीत मला ते पटत नाही. पाठपिशवीचे ओझे कमरपट्ट्यामुळे कमरेवर बसते आणि काही वेळाने त्याचा विसर पडतो. रायफल मात्र एकाच खांद्याला लटकते, तिचा पट्टा सारखा घसरतो, आणि जनावर जवळपास असण्याचा संभव असेल तिथे तर ती दोन्ही हातांत धरूनच चालावे लागते. फ्लॅट टॉप्सचे पठार समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच आहे आणि शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, म्हणजे चढ अंधारातच संपवावा लागतो. त्या विरळ हवेत हातांतले वजन पायांना फारसे जाणवत नाही; ते श्वासाला आणि दंडांना जाणवते, आणि थकलेल्या दंडांनी धरलेली रायफल, मग ती कितीही नेमकी असो, स्थिर राहत नाही.

आमच्या आजोबांकडे कुडाळला शेतीच्या राखणीच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. तिचे वजन किती, असे घरात कोणी कधी विचारल्याचे आठवत नाही, कारण ती घेऊन ते लांब कुठे जातच नसत. भात पिकू लागले की रात्री शेतातल्या माळ्यावर बसत आणि बहुधा नुसता बार काढून रानडुकरे पिटाळीत. वजनाचा प्रश्न चालणाऱ्या शिकाऱ्याला पडतो, बसणाऱ्याला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात छंद म्हणून शिकार उरली नाही, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. कॉलराडोत एल्कची संख्या अडीच लाखांच्या वर आहे आणि हंगाम व परवाने राज्याचे वन्यजीव खाते ठरवते. दोन्हीकडची परिस्थिती इतकी वेगळी आहे की इथली हौस तिकडे नेण्याचा विचारही मनात येत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

रायफलचे वजन कमी करायला मुळात मोजक्याच जागा असतात. नळी बारीक करता येते, बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, ज्या पोलादी घरात सरकतो ते घर आखूड किंवा टायटॅनियमचे करता येते, आणि लाकडाऐवजी कृत्रिम धाग्यांचा दस्ता बसवता येतो. विंचेस्टरने १९५२ मध्ये मॉडेल ७० ची ‘फेदरवेट’ आवृत्ती काढली, ती मुख्यतः बारीक नळी आणि ॲल्युमिनियमचे काही भाग यांच्या जोरावर. पुढे १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्ज यांनी केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचा दस्ता वापरून अडीच किलोच्या आसपासच्या रायफली घडवल्या आणि हलकी रायफल नेमकीही असू शकते हे दाखवून दिले. हल्ली नळीवर कार्बनचे धागे गुंडाळण्याची पद्धत आली आहे, परंतु तिथे प्रत्येक शंभर ग्रॅमसाठी जी किंमत मोजावी लागते ती पाहून मी ते दालन लवकर सोडले.

दुकानात सव्वादोन किलोची एक रायफल हातात घेऊन पाहिली. उचलताना ती मोहात पाडते. खांद्याला लावल्यावर मात्र नळीचे टोक छातीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलताना दिसते. जुन्या रायफलीचा जडपणा हे हलणे गिळून टाकत असे, हे अशा वेळीच कळते. नळीच्या टोकाकडे थोडे वजन असणे हा दोष नाही. उभ्याने किंवा गुडघा टेकून नेम धरणाऱ्याला त्याचा आधारच होतो. म्हणून सर्वांत हलकी रायफल घ्यायची नाही, तर जिचे वजन हातात धरताना पुढे-मागे योग्य वाटले गेले आहे अशी घ्यायची, असे ठरवले आणि फिनलंडमधील रिहिमॅकी इथे साको कंपनीत बनणारी टिक्का टी३एक्स लाइट निवडली. तिचे वजन सुमारे २.९ किलो आहे. गंमत म्हणजे टिक्का सर्व काडतुसांसाठी एकाच लांबीचे घर वापरते, त्यामुळे आखूड काडतूस घेतले तरी त्या जागी वजन वाचत नाही. ते बारीक नळी आणि कृत्रिम दस्ता यांतूनच वाचते. बोल्ट उघडायला तो फक्त सत्तर अंश उचलावा लागतो, म्हणून जाड हातमोजे घातलेली बोटे दुर्बिणीवर आदळत नाहीत. ऑक्टोबरच्या थंडीत ही सोय किती मोलाची आहे, हे माहितीपत्रकावरून कळत नाही.

बोल्ट-ॲक्शन सोडण्याचा विचार मी कधीच केला नव्हता. १८९८ च्या माउझर या जर्मन रायफलीपासून तिचे तत्त्व फारसे बदललेले नाही: बोल्टच्या पुढच्या टोकाची पोलादी दाते फिरून खाचेत अडकतात आणि काडतुसाचा सारा दाब तिथेच थोपवला जातो. सुटे भाग थोडे असतात, धूळ-बर्फ सहन होतो आणि बोल्ट मागे ओढला की नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहता येते.

कागदपत्रे नेहमीचीच होती. एच-१बी व्हिसावर असताना बंदूक घेण्यासाठी शिकारीचा वैध परवाना दाखवावा लागत असे. ग्रीन कार्ड आल्यापासून ती अट लागू होत नाही, पण बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी कोणालाच चुकत नाही. कॉलराडोत ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस थांबावेही लागते. पावती पाहून घरी थोडी कुरकुर झाली, तेव्हा मी १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा आधार घेतला: लांब बंदुकांवरचा ११ टक्के केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव संवर्धनासाठी जातो. एप्रिल २०२५ पासून कॉलराडोचा आणखी ६.५ टक्के कर आहे, त्याचा उल्लेख मी त्या वेळी टाळला.

१४ सप्टेंबर, रविवार

पॉनी नॅशनल ग्रासलँडमध्ये चांदमारीसाठी राखलेल्या जागी सकाळ घालवली. हलक्या रायफलीविषयी पहिली भीती धक्क्याची असते आणि ती निराधार नाही. गोळी आणि दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते; वजन घटले की तिचा मागे येण्याचा वेग वाढतो आणि खांद्यावर येणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेबाने १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) गोळीचे .३०-०६ काडतूस ४.३ किलोच्या रायफलीत खांद्याला सुमारे २५ ज्यूलचा धक्का देते. तेच काडतूस ३.४ किलोच्या, म्हणजे दुर्बीण-पट्ट्यासह नव्या रायफलीएवढ्या वजनाच्या, रायफलीत ३२ ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे रायफल हलकी करून काडतूस तेच ठेवणे हा अर्धवट विचार आहे. या हिशेबामुळेच मी ६.५ क्रीडमूर घेतले. १४० ग्रेनच्या गोळीचे हे काडतूस ३.४ किलोच्या रायफलीत १९ ज्यूलच्या आसपासच धक्का देते, त्यामुळे नवी रायफल जुनीपेक्षा हलकी असूनही खांद्याला सौम्य वाटते. नळीच्या टोकाला धक्का कमी करणारी ब्रेक बसवण्याचा सल्लाही मिळाला होता, पण तिने आवाज असह्य होतो आणि रानात कानांवर आवरण लावायला दर वेळी सवड मिळतेच असे नाही. तो सल्ला मी मानला नाही.

६.५ क्रीडमूरची जन्मतारीख २००७, .३०-०६ ची १९०६. एल्कसाठी नवे काडतूस अपुरे आहे असे मानणारा मोठा वर्ग इथे आहे, माझे शेजारी त्यात आहेत, आणि त्यांची शंका अगदीच फेटाळण्यासारखी नाही. कॉलराडोचा नियम एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा मागतो. क्रीडमूर त्याच्या बरेच पुढे आहे. जवळपास तेवढ्याच ताकदीच्या जुन्या ६.५×५५ स्वीडिश काडतुसाने स्कँडिनेव्हियात शंभरहून अधिक वर्षे मूस या एल्कहूनही मोठ्या हरणाची शिकार होत आली आहे. मात्र गोळी लहान झाली की चुकीला जागा कमी उरते, म्हणून माझी मर्यादा मी अडीचशे यार्डांची ठेवली आहे आणि जनावर आडवे उभे नसेल तर चाप ओढायचा नाही.

चापाचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चाप ओढायला लागणारे बळ रायफलीच्या वजनाच्या निम्म्यावर गेले, तर तो ओढतानाच रायफल हलू लागते. जड रायफलीत जो चाप हलका वाटतो तोच हलक्या रायफलीत जड ठरतो. टिक्काचा चाप एक ते दोन किलोंच्या दरम्यान बदलता येतो. तो मी सव्वा किलोवर आणला. त्याहून हलका केला, तर हातमोज्यातल्या बोटाला त्याचा अंदाज येणार नाही.

दुसरी गोष्ट नळीची. बारीक नळी लवकर तापते आणि तापली की नेम सरकू लागतो; म्हणून तीन बार झाले की बोल्ट उघडा ठेवून थांबायचे. चांदमारीवर हा फार कंटाळवाणा कार्यक्रम आहे, शेजारच्या बाकावरची मंडळी डबे रिकामे करत असताना आपण डोंगराकडे बघत बसायचे. पण शिकारीत पहिलाच बार महत्त्वाचा असतो आणि तो थंड नळीतूनच जातो, त्यामुळे थंड नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी कागदावर वेगळ्या रंगाने खूण करून ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

नेम शंभर यार्डांवर दोन इंच वर बसवला आहे. त्यामुळे दोनशेच्या आसपास गोळी नेमावर येते आणि अडीचशेवर तीन-एक इंच खाली जाते, म्हणजे माझ्या मर्यादेत दुर्बिणीची चकती फिरवण्याची गरजच पडत नाही. पठारावर हवा विरळ असल्याने गोळी किंचित सपाट जाईल, पण एवढ्या अंतरात अर्ध्या इंचाचाही फरक पडत नाही. आठशे यार्डांच्या गप्पा मारणाऱ्यांनी त्याची चिंता करावी.

आज बाकावर बसलोच नाही. पाठपिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर रायफल टेकवून, गुडघा टेकून, आणि चालण्याच्या काठ्यांची कैची करून तिच्यावरून बार काढले. पिशवीवरून हलकी रायफल धरताना डाव्या हाताने पुढचा भाग खाली दाबून ठेवावा लागतो. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे सरकू लागलेली असते, आणि पकड सैल असेल तर तिचे टोक दर वेळी वेगळ्या दिशेला उसळते. जड रायफलीला अशी पकड लागत नव्हती. या रायफलीला लागते, आणि तिची सवय हंगामापूर्वी हाताला लागली पाहिजे. दुपायी, म्हणजे नळीखालचा दोन पायांचा आधार, घ्यावी का, असा विचार आला होता, पण तिचे साडेतीनशे ग्रॅम पुन्हा नळीखाली टांगून घ्यायचे तर हा सारा खटाटोप कशासाठी केला?

रायफलीची दुर्बीणही ३-९ ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी), लहान भिंगाची घेतली आहे, कारण ती पाहण्याची नव्हे, नेम धरण्याची आहे. बहुतेक विभागांत नराच्या एका शिंगाला किमान चार फांद्या किंवा पुढची फांदी निदान पाच इंचांची असावी लागते, आणि ती मोजायची ती हातातल्या दुर्बिणीने. संशयास्पद आकृतीकडे भरलेली रायफल रोखून बघणाऱ्या माणसाबरोबर मी रानात जाणार नाही.

नवी रायफल दुर्बीण, ॲल्युमिनियमची कडी आणि नायलॉनचा पट्टा धरून ३.४ किलो भरली. रेमिंग्टन विकणार नाही. मोकळ्या माळावर, गाडीपासून फार दूर जावे लागत नाही अशा शिकारीसाठी तीच बरी. थंड नळीतून सर्वांत एकसारखी बसलेली काडतुसे ज्या लॉटची होती, त्याच लॉटचे आणखी डबे आज येताना घेतले. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू उद्या टॉर्क पाना लावून पुन्हा तपासायचे आहेत.