तेर, तगर आणि मामांची द्राक्षबाग

वाइन म्हटलं की नाशिक, असंच मीही धरून चालले होते. तेर पाहिल्यावर तसं म्हणवत नाही.

ऑक्टोबरात धाराशिवहून सकाळची एसटी धरली. सोबत मामा, तुळजापूरकडं त्यांची द्राक्षबाग आहे. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं, विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहिलं आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात शिरलो. हस्तिदंताच्या एका छोट्या स्त्रीमूर्तीपाशी मी कितीतरी वेळ उभी होते. अंगभर दागिने, कमरेला जाडजूड मेखला. अशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते येतं: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायची. त्याच भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलं नाव वाइनचं आहे! पसंती इटलीच्या वाइनला, मग लाओडिसियाची आणि अरबस्तानची.

मी हे सांगितलं तसे मामा म्हणाले, “म्हंजी आपलं कापड जायचं आन् तिकडची दारू यायची.”

मराठवाड्याचं नाव दुष्काळाच्या बातमीतच निघतं, याचं मला फार वाईट वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी या मातीतलं कापड समुद्रापार जात होतं, हे आमच्या पोरांना कळायला हवं.

दुपारी बागेत गेलो. फळछाटणी चालू होती. मी इब्न बतूताची नोंद सांगितली: चौदाव्या शतकात दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा निघत. मामांनी कात्री थांबवली.

“निघणारच. थंड मुलखात वेल पानं गाळून झोपती. आपल्याकडं झोपतच न्हाई, म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं. एप्रिलची खरड छाटणी काडी घडवायला, आत्ताची घड धरायला. त्या काळी दोन्ही बहार घेत आसतील.”

छाटणी उरकली की दौलताबादला जायचं ठरलंय. मामांना किल्ल्याआधी पायथ्याची जमीन बघायचीय.