सॅम्पल आधीच कुणीतरी ताणलं होतं

रत्नागिरीत पावसाळ्यात लॅब चालवायची म्हणजे अर्धा वेळ ओल पुसण्यात जातो. त्या दिवशी पण बाहेर नुसता कोसळत होता, आणि आमच्या एमेस्सीच्या पोरीच्या जेलने सकाळी सकाळी भलतेच आकडे द्यायला सुरुवात केली. बॅच तीच, साचा तोच, पण एक पट्टी ताठ आणि दुसरी एकदम लुळी, जरा खेचली की सुटलीच लांब, फोर्स जेमतेम निम्मा.

जेल म्हणजे हायड्रोजेल, अल्जिनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं, बरंचसं पाणीच, आणि ते धरून ठेवतात या दोघांच्या लांब साखळ्यांसारख्या रेणूंची जाळी. अल्जिनेट येतं तपकिरी समुद्री शेवाळातून, आपल्या खडकांवर सरगॅसम उगवतं ना, त्याच जातीचं (आमचं मात्र बाटलीतली पावडर, विकतची). नुसत्या अल्जिनेटची जेली जरा ताणली की तुटते, पण २०१२ मधे हार्वर्डवाल्यांनी नेचर या विज्ञानाच्या जर्नलमधे दाखवलं की दोन्ही एकत्र केले तर मूळ लांबीच्या २० पट ताणलं जातं आणि फाडायला चौरस मीटरला ९००० ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे जवळजवळ रबराइतकी. दोन जाळी एकमेकांत गुंतवून जेल असं चिवट करायची आयडिया त्याच्याही आधीची, २००३, जपानच्या होक्काइडोमधल्या गोंग बाईंच्या ग्रुपची.

माझा पहिला संशय पाण्यावर. कॅम्पसच्या बोअरला खारं पाणी, आणि सोडियम घुसला की अल्जिनेटला धरून ठेवणारा कॅल्शियम बाहेर पडतो, जेल फुगतं आणि मऊ पडतं. लॅब असिस्टंट म्हणाला, "आईशप्पत सर, डिस्टिल्डच वापरलंय." दोन्ही पट्ट्या काट्यावर ठेवल्या तर वजन सारखंच, म्हणजे फुगलेली नाही. सुकली म्हणावं तर सुकलेलं जेल उलट कडक होतं. मग काय राहिलं?

पोरगी एरवी फार बोलत नाही, पण तीच म्हणाली सर पट्टी खेचायचं मशीन थांबवू नका, पुढे खेचत राहू. खेचलं. लुळ्या पट्टीच्या फोर्सचा ग्राफ खालून खालून चालला होता, आणि चौपटीच्या आसपास आल्यावर एकदम वर चढला आणि पहिल्या पट्टीच्या रेषेला जाऊन मिळाला, तिथून पुढे दोघी एकच. मी ओरडलोच, अगं ही पट्टी आधी कुणीतरी चौपट ताणलीये!

होतं असं की ताण पडला की कॅल्शियमने जोडलेले अल्जिनेटचे सांधे उसवत जातात, सगळी ऊर्जा तिथे खर्च होते म्हणून तर जेल फाटत नाही, आणि पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं जाळं शाबूत असल्याने सोडलं की पट्टी परत जवळजवळ होती तेवढी. डोळ्याला काहीच कळत नाही. पण उसवलेले सांधे लगेच जुळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांदा ताणताना तेवढ्या अंतरापर्यंत विरोधच कमी, त्याच्या पुढे गेलं की न उसवलेले सांधे लागतात. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, दुसऱ्यांदा सोपा जातो, तोच प्रकार, रबरात याला मुलिन्स इफेक्ट म्हणतात.

असिस्टंटकडे नुसतं बघितलं. "काल आठवीची पोरं आलेली ना सर बघायला, त्यांनी जरा रस्सीखेच केली, तुटली नाय म्हणून परत डब्यात ठेवली." ग्लोव्हज? "दिलेले, त्यांना मोठे होत होते." इथे मात्र मी खरंच चिडलो, कारण तयार जेल ठीक आहे पण आत न जुळलेलं अ‍ॅक्रिलअमाइड (ते जाळं ज्यापासून बनतं तो कच्चा माल) उरलं असेल तर ते नसांना विषारी, पोरांच्या हातात द्यायची वस्तू नव्हे ती. त्या बॅचचं धुणं पूर्ण झालेलं होतं म्हणून वाचलो.

काही पॉलिमरमधे स्पायरोपायरान नावाचा रेणू गुंफतात, ओढ बसली की त्याचा एक बंध तुटतो आणि रंगच बदलतो. तो आमच्याकडे असता तर सकाळ वाया गेली नसती, पण मग हा ग्राफ पण दिसला नसता.

८० डिग्रीला दिवसभर ठेवलं तर सांधे परत जुळतात, त्या हार्वर्डच्या पेपरात ७४ टक्के भरपाई झालेली आहे. आम्ही पट्टीला तेल लावून पिशवीत सील करून ओव्हनमधे टाकली आणि तासाभरात लाइट गेली, ती कधी आली विचारू नका.

आता एक नवीनच खेळ सुरू झालाय. असिस्टंट कोऱ्या पट्ट्या गुपचूप हव्या तेवढ्या ताणून ठेवतो आणि पोरीने ग्राफ बघून किती पट ते सांगायचं. परवा सहापटवालीला ती पाच म्हणाली. तो लगेच म्हणतो, "मॅडम, रात्रभर पडून होती ना, थोडी जुळली असंल." आणि ते खरं पण असू शकतं, म्हणून आता डब्यावर ताणल्याची वेळ पण लिहायला लावलीये.